सहस्रांशाचे ऋण

मोटारीच्या इंजिनाचा सगळा भार शेवटी ज्या ठिकाणी येऊन टेकतो ते ठिकाण इंजिन चालू असताना कोणाला दिसत नाही आणि बंद असतानाही दिसत नाही. सिलिंडरात इंधन पेटते, त्या दाबाने पिस्टन खाली जातो, कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला फिरवतो. आणि हा क्रँकशाफ्ट ज्या आधारांत फिरतो त्यांना मेन बेअरिंग म्हणतात. वर ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि खाली तेलाचे चेंबर यांच्या दरम्यान, कायम अंधारात आणि कायम तेलात, हे आधार असतात. जुनी मोटार नव्याने उभी केली जाते तेव्हा प्रदर्शनात लोक तिच्या रंगाकडे पाहतात, चकचकीत दिव्यांकडे पाहतात, आसनांच्या कातड्याला हात लावून बघतात. मेन बेअरिंगचे काम कोणी पाहत नाही, आणि ते नीट झाले आहे किंवा नाही हे पाहणाऱ्याला कळण्याचा उपायही नसतो. ज्या कामाला साक्षीदार नाही अशा कामात माणूस कोणाला उत्तरदायी असतो, हा प्रश्न तत्त्वचिंतनात फार जुना आहे. तो बहुधा राजे, संन्यासी आणि चोर यांच्या उदाहरणांनी चर्चिला गेला. क्रँकशाफ्ट बसवणाऱ्या फिटरचे उदाहरण त्याहून लहान आहे. पण लहान असल्यामुळेच त्यात प्रश्नाची मांडणी अधिक काटेकोर होते, कारण येथे बरे आणि वाईट यांतील अंतर इंचाच्या सहस्रांशांत मोजता येते.

फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ ही मोटार उदाहरणादाखल घेता येईल. डिसेंबर १९२७ मध्ये ती लोकांपुढे आली आणि चार-एक वर्षांत तिच्या सुमारे ४८ लाख गाड्या तयार झाल्या. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या फोर्ड गाड्या कॅनडातील फोर्डमार्फत ब्रिटिश साम्राज्यातील देशांना जात. हिंदुस्थानात त्या आल्या त्या याच वाटेने. इंजिन चार सिलिंडरांचे, ४० अश्वशक्तीचे. त्याचा क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगांत फिरतो. प्रत्येक बेअरिंगचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्येच ओतलेला असतो. खालचा अर्धा भाग एका सुट्या कॅपमध्ये असतो आणि ही कॅप बोल्टांनी ब्लॉकला आवळलेली असते. शाफ्टचा जो गुळगुळीत भाग त्यात फिरतो त्याला जर्नल म्हणतात. नव्या शाफ्टवर त्याचा व्यास एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच. ब्लॉक आणि कॅप यांच्या सांध्यात, शाफ्टच्या दोन्ही अंगांना, पातळ पत्र्यांची एकेक चळत ठेवलेली असते. या पत्र्यांना शिम म्हणतात. काही शिमा पापुद्र्यांच्या असतात. कांद्याची साल काढावी तसा त्यांचा एकेक पापुद्रा सुरीच्या टोकाने सोलून काढता येतो, आणि तो दोन किंवा तीन सहस्रांश इंच जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण तेवढाच जाड असतो.

बेअरिंगच्या आत जो धातू ओततात तो शाफ्टच्या पोलादाहून कितीतरी मऊ. आपल्याकडच्या कारखान्यांत त्याला व्हाइट मेटल म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टॉन्टन येथे राहणाऱ्या आयझॅक बॅबिट याने १८३९ साली तो सिद्ध केला, म्हणून त्याचे दुसरे नाव बॅबिट. त्यात बहुतांश कथील, आणि थोडे अँटिमनी व तांबे. कथिलाच्या मऊ गाभ्यात कठीण स्फटिक विखुरलेले असतात. तेलातून कचऱ्याचा कण आला तर मऊ गाभा त्याला स्वतःत रुतवून घेतो, शाफ्टवर ओरखडा उमटू देत नाही. तेल तुटलेच तर बॅबिट वितळते आणि शाफ्ट बहुधा वाचतो. त्याग वगैरे शब्द येथे वापरण्याचा मोह होण्याजोगा आहे; पण धातूला त्याग ठाऊक नसतो. ठाऊक असते ते योजणाऱ्याला. दोन वस्तू एकमेकींवर फिरणार असतील तर झीज कोणी सोसावी हे कोणी तरी आधी ठरवले, आणि जी पुन्हा ओतता येते तिने ती सोसावी असे ठरवले. झीज होणारच हे या निर्णयात आधीच मान्य केलेले आहे, आणि पुढच्या सगळ्या विचाराला या मान्यतेचा आधार आहे.

मात्र शाफ्ट आणि बॅबिट एकमेकांना लागून फिरतात ही समजूत खरी नाही. १८८३ साली बीचम टॉवर या इंग्लिश अभियंत्याने रेल्वेच्या आसाला लागते तशा बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी भोक होते. यंत्र चालू होताच तेल त्यातून आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. भोकात लाकडी बूच ठोकले, तर तेही बाहेर ढकलले गेले. दाबमापक लावला तेव्हा कळले, की भाराचा सरासरी दाब जेवढा आहे त्याच्या दुपटीहून अधिक दाब तेथे तेलात आहे. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी या घटनेचे गणित मांडले. फिरणारा शाफ्ट तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो, तेथे दाब निर्माण होतो आणि त्या दाबावर शाफ्ट तरंगतो. म्हणजे फिरत्या इंजिनाचा भार पोलाद आणि बॅबिट यांच्या मधला तेलाचा एक पापुद्रा पेलत असतो, आणि त्या पापुद्र्याला जागा ठेवावी लागते. जागा कमी ठेवली तर तेल शिरत नाही आणि बॅबिट तापून वितळते. जास्त ठेवली तर तेल बाजूंनी निघून जाते, दाब धरत नाही, आणि प्रत्येक स्फोटासरशी शाफ्ट खाली आपटतो. तो ठोका मग बाहेर ऐकू येतो. व्यासाच्या दर इंचाला एक सहस्रांश इंच मोकळीक असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे. मॉडेल एच्या जर्नलला तो सुमारे दीड सहस्रांश पडतो. घट्टपणा म्हणजेच मजबुती ही सर्वसाधारण माणसाची कल्पना येथे टिकत नाही, आणि नवशिका फिटर पहिले इंजिन बिघडवतो ते बहुधा ढिले ठेवून नव्हे, तर घट्ट करून.

हा दीड सहस्रांश गाठण्याची रीत थोडी तपशिलात पाहण्याजोगी आहे. ब्लॉक तापवून, शाफ्टच्या जागी एक दांडा धरून, वितळलेले बॅबिट एका दमात ओतायचे. धातू हवा तेवढा तापला की नाही हे जुने ओतारी लाकडाची काडी बुडवून पाहत. काडी पेटली नाही पण करपून तपकिरी झाली म्हणजे धातू तयार. मग कॅप शिमांसह आवळून तिन्ही बेअरिंगे एका रेषेत कातून घ्यायची. येथवरचे काम यंत्राचे, पुढचे हाताचे. जर्नलवर निळा रंग अगदी पातळ पुसायचा, शाफ्ट जागेवर ठेवून कॅप आवळायची, एक-दोन फेरे देऊन सगळे पुन्हा उघडायचे. बॅबिटवर जेथे निळे डाग पडले ते उंचवटे. ते स्क्रेपरने खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा आवळणे, पुन्हा उघडणे. पहिल्या वेळी डाग दोन-चार ठिकाणी असतात. कितीतरी फेऱ्यांनंतर ते पृष्ठभागभर सारखे पसरतात. अलीकडच्या यंत्रावर कातलेल्या बेअरिंगला इतके खरवडावे लागत नाही, पण तपासावे लागतेच.

त्यानंतर शिमांची पाळी. एका वेळी एकच कॅप आवळायची, बाकीच्या दोन सैल ठेवायच्या. दोन्ही बाजूंच्या चळतींतून सारखेच पापुद्रे काढत जायचे, आणि दर वेळी कॅप पूर्ण आवळून शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा. बोल्ट अर्धवट आवळले तर शाफ्ट सुरेख फिरतो. ते फिरणे खोटे असते. पूर्ण आवळल्यावर एका क्षणी तो अडतो. जेथे तो अडला तेथे मोकळीक शून्य आहे असे धरून दीड-दोन सहस्रांश परत द्यायचे, दोन्ही अंगांना सारखे. मग ती कॅप सैल करून दुसरी, दुसरी सैल करून तिसरी. शेवटी तिन्ही आवळल्यावर शाफ्टने हाताला किंचित आणि फेराभर सारखा विरोध करावा. मायक्रोमीटर, फीलर गेज, मेणासारख्या धाग्याने फट मोजण्याची नवी साधने ही सर्व उपयोगी आहेतच. पण या ‘किंचित’चा निवाडा अखेर तळहात करतो, आणि एका हाताचे ‘किंचित’ दुसऱ्या हाताला शब्दांनी सांगता येत नाही. अशा कामाला दिवस लागतात. त्यातील निम्मा वेळ जे नुकतेच आवळले ते पुन्हा सोडण्यात जातो.

शिम कशासाठी, हा प्रश्न आता विचारता येतो. नव्या इंजिनात चळत भरलेली असते. इंधनाचा दाब शाफ्टला खाली लोटतो, म्हणून झीज मुख्यतः खालच्या बाजूला, कॅपमधील बॅबिटची होते. काही हजार मैलांनंतर फट वाढते, ठोका ऐकू येऊ लागतो. तेव्हा चेंबर उतरवून दोन्ही अंगांचा एकेक पापुद्रा सोलला की कॅप तेवढी वर सरकते आणि मोकळीक पूर्ववत होते. इंजिन गाडीतून उतरवावे लागत नाही, धातू ओतावा लागत नाही. वस्तू बनवतानाच तिच्या जीर्ण होण्याची तरतूद तिच्या आत करून ठेवलेली आहे. शिमांची चळत म्हणजे बनवणाऱ्याने पुढच्या अनोळखी माणसांसाठी ठेवलेली शिल्लक. बेअरिंग जुळवणारा प्रत्येक जण त्या शिलकीतून थोडे खर्च करतो, आणि चळत पाहून मागच्याने किती खर्च केले हे पुढच्याला मोजता येते.

याच कंपनीच्या आधीच्या गाडीत, १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर निघालेल्या मॉडेल टीमध्ये, रीत वेगळी होती. तेथे ढिले झालेले बेअरिंग घट्ट करायचे तर कॅपचा सांध्याकडचा पृष्ठभाग कानशीने घासून कमी करायचा. परिणाम तोच; कॅप वर सरकते, ठोका थांबतो. मॉडेल एच्या शिमा संपल्यावरही अनेकांनी हाच मार्ग धरला. शिमा शिल्लक असतानाही कित्येकांनी धरला, कारण दोन सहस्रांशाचा पापुद्रा अखंड सोलण्यापेक्षा कानशीचे चार हात मारणे सोपे. पापुद्रा काढून बाजूला ठेवता येतो, चूक झाली तर परत घालता येतो. कानशीने गेलेला धातू परत येत नाही. हाताने घासलेला पृष्ठभाग बहुधा कडेला उतरता होतो. मग कॅप बोल्टाखाली किंचित तिरपी बसते, आणि बेअरिंगचे भोक पुन्हा गोल करण्यासाठी पुढच्या माणसाला अधिक धातू कातावा लागतो. पहिल्याने अर्धा तास वाचवला त्याची किंमत तिसऱ्याला मोजावी लागते, आणि कोणी मोजायला लावली हे त्याला कधीच कळत नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट येते. ती बोटात फिरवली की माणूस अदृश्य होतो. अशी अंगठी मिळाल्यावरही कोणी न्यायाने वागेल काय, असा तेथे सवाल आहे. मेन बेअरिंग बसवणाऱ्याच्या बोटात ही अंगठी रोजच असते. चेंबर बंद झाले की त्याचे काम अदृश्य झाले. गाडीचा मालक केवळ आवाज ऐकतो, आणि आवाज तर दोन्ही रीतींनी थांबतो. तरीही या दोन अदृश्यतांत एक फरक आहे, आणि गायजीसच्या गोष्टीत त्याची दखल नाही. गायजीसचे कृत्य अदृश्य राहते, कारण तेथे पाहणारा फक्त माणूस आहे. येथे धातू आहे. कानशीचे ओरखडे पन्नास वर्षे तेलात तसेच राहतात. ज्या दिवशी इंजिन पुन्हा उघडेल त्या दिवशी कृत्य संपूर्ण दिसेल, फक्त कर्ता दिसणार नाही. पकडले जाण्याचे भय येथे नाही, कीर्तीची आशाही नाही. नीतीला आधार देणाऱ्या ज्या दोन सवयीच्या गोष्टी असतात त्या दोन्ही काढून घेतल्यावर उरते काय, हे पाहायचे तर याहून स्वच्छ जागा मिळणे कठीण.

काही उरत असेल तर ते ऋणाच्या कल्पनेशी जुळणारे आहे. वैदिक परंपरेत माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे मानले, आणि त्यांतील पितृऋणाची व्यवस्था विलक्षण आहे. देणे पूर्वजांचे असते, पण ते फेडायचे संततीच्या रूपाने, म्हणजे जे अजून जन्मले नाहीत त्यांच्याकडे. घेतले मागून आणि फेडले पुढे. परंपरेने याचा अर्थ वंशापुरता घेतला आणि वंश न वाढवणाऱ्यांना त्याचा जाचही बराच दिला, ही गोष्ट वेगळी. कारागिरीत मात्र हा हिशेब अक्षरशः खरा ठरतो. आज जो कॅप उघडतो त्याला चळतीत चार पापुद्रे सापडतात, कारण मागच्या कोणी तरी कानस उचलली नाही. त्या माणसाचे नाव माहीत नाही. तो बहुधा हयात नाही. त्याला काही परत देता येत नाही. देता येते ते फक्त पुढच्याला, आणि तोही अनोळखीच असतो. व्यवहारात कराराला दोन पक्ष लागतात. येथे एक पक्ष गेलेला, दुसरा न आलेला, आणि तरी देणे खरे आहे.

एवढ्यावरून शिम म्हणजे सचोटी आणि कानस म्हणजे लबाडी असे समीकरण मांडले तर ते चुकेल. शिमेनेही फसवता येते, आणि अधिक सफाईने फसवता येते. भोक कातले जाते ते शिमांची चळत भरलेली असताना. म्हणून ते गोल असते. पापुद्रे काढत गेले की उंची कमी होते, रुंदी तेवढीच राहते. दोन-तीन सहस्रांशांपर्यंत हे चालते, कारण झीजही त्याच दिशेने झालेली असते. पुढे चालत नाही. वरच्या अर्ध्या भागातील बॅबिट झिजले असेल तर शाफ्ट आपल्या मूळ रेषेतून सरकलेला असतो, आणि कॅप कितीही वर आणली तरी ती रेष परत येत नाही. तीन बेअरिंगे कमीजास्त झिजलेली असतील तर शाफ्ट दर फेऱ्याला किंचित वाकत फिरतो, आणि असा शाफ्ट पुढे एखाद्या दिवशी तडकतो. जर्नलच लंबगोल झाले असेल तर जेथे ते रुंद आहे तेथे जुळवलेली मोकळीक, जेथे ते अरुंद आहे तेथे दुप्पट होते. या सर्व स्थितींत एक पापुद्रा सोलला की ठोका काही काळ थांबतो. गाडी विकायची असेल तर तेवढा काळ पुरतो. चेंबरात घट्ट तेल ओतूनही ठोका दबतो, पण जाणकार गिऱ्हाईक तेलात बोट बुडवून ते ओळखतो. शिमेची लबाडी मात्र बोटाला कळत नाही. तेव्हा भेद हत्यारांत शोधून भागत नाही. आवाज थांबवणे आणि आवाजाचे कारण दूर करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि बाहेरून त्या एकसारख्या दिसतात. संसारात, राज्यकारभारात, फार काय, ग्रंथसंपादनातही हे दोन वारंवार एकमेकांच्या जागी खपवले जातात. पण तो विषयांतराचा भाग होईल.

कानस चालवणाऱ्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मॉडेल टी ही शेतकऱ्यांची गाडी होती. रस्त्यापासून दूर, हाताशी सुटे भाग नाहीत, माल बाजारात पोहोचवायचा आहे, अशा वेळी कोठारात बसून कॅप घासणाऱ्याने आपले काम साधले आणि गाडी चालती ठेवली. बनवणाऱ्याने त्याला तीच रीत शिकवली होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, तेव्हा भारतातील मिस्त्रींपुढेही तोच पेच होता. परदेशी गाडीचा सुटा भाग मिळण्याची आशा नसे. मिळेल तो पितळी पत्रा कात्रीने कापून शिमा केल्या गेल्या, वितळवलेले जुने व्हाइट मेटल पुन्हा ओतले गेले, जेथे काहीच जमले नाही तेथे कानस चालली. ज्या गाड्या आज संग्राहक अभिमानाने मिरवतात त्यांतील कित्येक या तडजोडींमुळेच भंगारात गेल्या नाहीत. पुढच्याचे ऋण राखायचे तर आधी वस्तू पुढच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. टंचाईत केलेली तडजोड आणि सुबत्तेत केलेला आळस यांचे ओरखडे धातूवर सारखेच उमटतात. इंजिन उघडणाऱ्याने त्यावरून माणसाचा न्याय करू नये. तो निर्णय धातू पाहून होत नाही.

जुन्या गाड्यांच्या संदर्भात तत्त्वज्ञानाची आठवण बहुधा वेगळ्याच प्रश्नाने निघते: सगळे भाग बदलल्यावर गाडी तीच राहते काय? ‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी हेच विचारतो, आस हा रथ काय, चाके हा रथ काय, आणि यांपैकी एकही नसेल तर राजा ज्यात बसून आला तो रथ कोणता? भागांच्या आधाराने चालणारे ते एक नाव आहे, एवढेच अखेर निष्पन्न होते. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे हा वाद रूक्ष व्यावहारिक रूपात आला. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मां येथील शर्यत जिंकणारी बेंटली मोटार, ‘ओल्ड नंबर वन’, विकली जात असताना खरेदीदाराने हरकत घेतली, की हिच्यात मूळचे फारसे काही उरलेलेच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी मूळ आणि अस्सल यांत फरक केला. ती मूळ स्वरूपात नाही हे मान्य. पण तिचे अस्तित्व अखंड चालत आले, मध्ये कोठे ती संपून दुसरी गाडी सुरू झाली असे झाले नाही, म्हणून ती अस्सल. निकाल सयुक्तिक आहे. मात्र ही अखंडता आपोआप घडत नाही. ती कोणी तरी, दर काही वर्षांनी, उघडून आणि आवळून चालू ठेवलेली असते. नागसेनाच्या रथाला नाव आहे, भाग आहेत, बसणारा राजा आहे. त्याच्या आसाला वंगण घालणारा मात्र त्या संवादात कोठे नाही.

१९३०च्या दशकात मोटार-उद्योग ओतीव बॅबिटकडून पातळ कवचांच्या बेअरिंगांकडे वळला. पोलादी पाठीवर बॅबिटचा पातळ थर दिलेली अर्धगोल कवचे कारखान्यातूनच अचूक मापाची येतात. झिजली की फेकायची, नवी घालायची. शिमेची गरज संपली, खरवडणे संपले. ही प्रगती होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पातळ थर जास्त भार सोसतो आणि कोणत्याही गावातील फिटर ती तासाभरात बदलू शकतो. झिजेची तरतूद मात्र वस्तूच्या आतून निघून दुकानाच्या फळीवर गेली, आणि दुकान चालू आहे तोवरच ती तरतूद.

मॉडेल एचे इंजिन पुन्हा बांधणाऱ्यापुढे आज हा पर्याय प्रत्यक्ष उभा असतो. ब्लॉक कातून त्यात कवचे बसवता येतात. बॅबिट चांगले ओतणारे हात थोडे राहिले आहेत, त्यांच्याकडे रांग असते, आणि खर्चही कमी नसतो. कवचे घातलेले इंजिन निर्धास्तपणे लांब पल्ला धावते. विरोध करणारे म्हणतात, की ब्लॉकचे लोखंड एकदा कातले की ते कायमचे गेले. कानशीविषयीचा आक्षेपही हाच होता, फक्त येथे तो अधिक खोल जातो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या तुरीन सनदेत बदल शक्यतो उलटवता येण्याजोगे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनाबरोबर जपून ठेवावेत असे म्हटले आहे. वास्तूंच्या जतनाविषयीची १९६४ची व्हेनिस सनद तिच्यामागे आहे. पण सनदेतील ‘शक्यतो’ या शब्दावर सगळे अडून राहते. न चालणारी मूळ वस्तू राखावी की चालती बदललेली, याला एकच उत्तर नाही. संग्रहालयातील एकुलत्या एका इंजिनाला कातणे हा गुन्हा ठरेल. लाखोंनी निघालेल्या इंजिनांपैकी एक, ज्याचा ब्लॉक आधीच तीनदा बिघडवला गेला आहे, ते कवचे घालून रस्त्यावर आणले तर हळहळण्याचे कारण नाही. तरी एवढे म्हणता येईल, की बॅबिट ओतण्याचे कसब पुस्तकात राहत नाही. ते ओतले जाते तोवरच राहते, आणि जेवढी इंजिने कवचांकडे जातील तेवढ्या त्या हातांना शिकण्याच्या संधी कमी. कसबाचे ऋणही पुढेच फेडायचे असते. याचा विचार सनदांपेक्षा कारागिरांनी अधिक केला आहे असे दिसते. त्यांपैकी काही जण गिऱ्हाइकाला कवचे घालून देतात आणि स्वतःच्या गाडीत बॅबिट ओततात.

शाफ्टची जर्नले घासून गोल केली की ती मूळ मापाहून बारीक होतात: दहा सहस्रांश, वीस सहस्रांश. घासणारा बहुधा हे माप शाफ्टच्या बाजूच्या पृष्ठभागावर ठोकून ठेवतो. कॅप एकमेकींच्या जागी जाऊ नयेत म्हणून त्यांवर आणि ब्लॉकवर जुळणाऱ्या खुणा ठोकतात. काळजी घेणारा माणूस याशिवाय प्रत्येक सांध्यात किती जाडीच्या शिमा ठेवल्या ते कागदावर लिहितो आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवतो. कागद हरवतात. ठोकलेले आकडे राहतात, आणि ते वाचायचे तर इंजिन पुन्हा उघडावे लागते.